मधल्या सीटचा पट्टा : कोल्हापुरातल्या एका जुन्या व्हॅनचं प्रकरण

जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी ताईनं जेवायला बोलावलं आणि हात धुऊन बसतोय तोवर पेढ्याचं एक रिकामं खोकं समोर ठेवलं. आत गाडीच्या पावत्या होत्या. काही नीट घडी घातलेल्या, काही ऑइलचे डाग पडलेल्या, तर काही नुसत्या सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या. "तू कंपनीत हिशेब बघतोस ना? मग हे पण बघ, आणि ह्यांना सांग काय करायचं ते," ताई म्हणाली. दाजी तेवढ्यात पान आणतो म्हणून खाली गेले आणि अर्धा तास वर आलेच नाहीत.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेब खात्यात आहे. गाडीतलं मला कळतं ते कुठल्याही चालवणाऱ्याला कळतं तेवढंच. पुढचं सगळं त्या खोक्यातल्या पावत्या, घरातल्यांच्या आठवणी आणि उद्यमनगरातल्या एका वायरमननं दाखवलेलं यावरून लिहिलंय. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. गॅरेजवाल्यांची नावंही लिहीत नाही, कारण त्यांच्यातल्या एकानंही फसवलेलं नाही. फसवलं असतं तर हे प्रकरण तीन वर्षं चाललंच नसतं.

गाडी घरात आली ती अशी

ताईचं घर मंगळवार पेठेत, दाजींचं वह्या-पुस्तकांचं दुकान महाद्वार रोडला. घरात सात माणसं: दाजी, ताई, दोन मुलं, सासू-सासरे आणि दाजींच्या आत्या. सासऱ्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, आणि आत्यांना आत्याबाई. गाव गगनबावडा तालुक्यात. लॉकडाऊनमध्ये एसटी आणि केएमटीच्या शहर बस बंद पडल्या, आण्णांना दवाखान्यात न्यायला रिक्षावाल्याच्या हातापाया पडावं लागलं, तेव्हा घरात ठरलं की सगळी एकदम मावतील अशी गाडी पाहिजे. नवी घ्यायची तर कर्ज काढावं लागणार आणि दुकान तर आठ महिने नीट उघडलेलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये एका एजंटानं २०१४ ची आठ सीटची डिझेल व्हॅन दाखवली. पासिंग एमएच ०९, रनिंग ७८ हजार किलोमीटर. सीटना नवी कव्हरं, खाली नवं मॅटिंग आणि आत अत्तराच्या दुकानासारखा वास. दाजींनी ओळखीचा मिस्त्री नेला होता. त्यानं ऑइलची दांडी काढून बघितली, इंजिनावर हात ठेवून आवाज ऐकला, गाडी कळंब्याच्या रस्त्याला मारून आणली आणि म्हणाला, "इंजिन एक नंबर हाय." सौदा ३ लाख ४० हजारांना ठरला.

मिस्त्री खोटं बोलला नव्हता. इंजिन खरंच एक नंबर होतं आणि आजही आहे.

एजंट 'फर्स्ट ओनर' म्हणाला होता. आरसी हातात आली तेव्हा त्यावर मालक क्रमांक दोन. विचारल्यावर उत्तर मिळालं, "पहिला आणि दुसरा साडू-साडू आहेत, एकाच घरातली गाडी समजा." सगळे हसले आणि विषय संपला. त्या दिवशी हसायच्या ऐवजी कोणी फाइल उलटून बघितली असती, तर बाकीचं लिहायची वेळ आली नसती.

तीन वर्षं, सहा मिस्त्री

प्रत्येक बिघाड सांगत बसत नाही, वाचणाऱ्याचा अंत बघण्यात अर्थ नाही. दोन-तीन सांगतो.

जून २०२१, पहिला मोठा पाऊस. सकाळी गाडी सेल्फ मारेना. बॅटरी जुनी होती, नवी टाकली, ६,२०० रुपये. महिन्याभरात गाडी चढाला दम टाकायला लागली. दुसऱ्या मिस्त्रीनं स्कॅनर लावून नोझलचा दोष सांगितला. दोन नोझल बदलली, दोन साफ केली, २४,५०० रुपये. गाडी पळायला लागली आणि सगळे खूश झाले. मग जुलैच्या शेवटी पूर आला. कोल्हापुरात पावसाळ्यात माणूस उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पातळी वाढायला लागली तशी दाजींनी रात्रीच गाडी काढली आणि उंचावरच्या उपनगरात एका मित्राच्या दारात नेऊन लावली. "गाडीला पाण्याचा थेंब लागू दिला नाही," हे त्यांनी पुढं दोन वर्षं अभिमानानं सांगितलं. पाणी ओसरल्यावर, पाचव्या दिवशी, गाडी आणायला गेले तर ती चालूच होईना. टोचन करून आणली. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा पार्ट, ११,८०० रुपये.

२०२२ चा प्रसंग करूळ घाटातला. जूनचे शेवटचे दिवस, वैभववाडीला बारशाला निघालेले. घाट अर्धा उतरल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे लाल-पिवळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद. वरून पाऊस, समोर धुकं, मागून ट्रकचे हॉर्न. सात माणसं कड्याला टेकून उभी आणि आत्याबाईंच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. वीस मिनिटांनी दाजींनी सहज चावी फिरवली तर गाडी लागली, जणू काही झालंच नव्हतं. बारसं झालं. परतीच्या वाटेवर गगनबावड्याच्या अलीकडं पुन्हा बंद, आणि या वेळी वीस मिनिटांनीही लागली नाही. टोचनवाल्यानं कोल्हापूरपर्यंतचे साडेतीन हजार घेतले. त्या वर्षी टोचनवरच साडेसात हजार गेले. शिवाय सेल्फ मोटर, एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच, वायरिंगची किरकोळ कामं आणि पुन्हा एक बॅटरी.

२०२३ मध्ये मीटर गेला, दोन सेन्सर गेले आणि शेवटी गाडीचा मेंदू म्हणजे ईसीएम. तो पुण्याला पाठवून दुरुस्त करून आणला, २२ हजार. आण्णांनी त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत एवढंच म्हटलं, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला."

आता मुद्द्याचं. या सहाही जणांनी जे काढलं ते खरंच खराब झालेलं होतं. जुना अल्टरनेटर मी बघितलाय, आतून गंजलेला. सेन्सर मेलेलेच होते. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी महिना-दोन महिने झकास चालायची. त्यामुळं प्रत्येक मिस्त्रीची खात्री की रोग आपल्याला सापडला, आणि दाजींची खात्री की हा शेवटचा खर्च. असं का व्हायचं ते वायरमननं नंतर सांगितलं. कुठलाही पार्ट बदलायचा तर त्याचा कनेक्टर काढून परत बसवावा लागतो. काढताना-घालताना आतल्या पिना एकमेकींवर घासतात, वरचा गंज खरवडला जातो आणि थोडे दिवस करंट नीट जातो. म्हणजे गाडी नव्या पार्टनं बरी होत नव्हती, कनेक्टर हलवल्यानं बरी होत होती. बावीस हजारांच्या कामातलं गुण देणारं काम फुकटातलं होतं.

आत्याबाईंची अमावस्या

पावत्या तारखेनं लावायला बसलो तर निम्म्यांवर तारीखच नाही. मी वैतागलो. ताई उठली आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट घेऊन आली. आमच्याकडं, म्हणजे बहुतेक घरांत, नवं कॅलेंडर जुन्यावरच अडकवतात. २०२४ च्या खाली २०२३, त्याखाली २०२२, त्याखाली २०२१. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, भिशीचा नंबर, आणि त्याच बारीक अक्षरांत जागोजागी: 'गाडी बंद'. एका चौकोनात 'गाडी बंद, दूध १ ली. जास्त' असं एकाच ओळीत. त्या दिवशी अडकलेल्या पाहुण्यांना चहा करावा लागला होता.

तीन कॅलेंडरांत मिळून २६ नोंदी निघाल्या. त्यातल्या १९ जून ते ऑक्टोबर या काळातल्या. राहिल्या सात. त्यातल्या तीन वेळा गाडी चार-पाच दिवस नुसती उभी होती. उरलेल्या चार कशात बसेनात. मी पेन्सिलीनं गोल करत होतो तेवढ्यात पलीकडं शेंगा सोलत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "अमावस्या बघ की. मी मघापासनं सांगतोय, ह्या गाडीला अमावस्या बाधतीय." (कोल्हापुरातल्या जुन्या बायका 'मी सांगतोय'च म्हणतात, छपाईची चूक समजू नये.)

बघितलं. चारही नोंदी अमावस्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या.

मी आधी हसलो, पण नंतर हसू गेलं. दाजी दर अमावस्येला गाडी वॉशिंगला नेतात. खालून-वरून प्रेशरचं पाणी, आत व्हॅक्यूम, मग हार, नारळ आणि लिंबू-मिरची. कोरड्या दिवसांत या गाडीला पाणी लागायचं ते तेवढ्या एका दिवशी. आत्याबाईंचं निरीक्षण पक्कं होतं, नुसतं कारण चुकलं होतं. सहा मिस्त्री, दाजी आणि मी, कोणालाच तीन वर्षांत एवढंही दिसलं नव्हतं. मिस्त्रींना दिसणार कसं? प्रत्येकाकडं गाडी एकदा किंवा दोनदा आली. तिचा सबंध इतिहास स्वयंपाकघरात लटकत होता आणि मिस्त्री स्वयंपाकघरात येत नाहीत.

सोमवारी सगळं एका कागदावर लिहून आमच्या फाउंड्रीतल्या मेन्टेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला दाखवलं. त्यानं कागद अर्धाच वाचला. "पाऊस, वॉशिंग, उभी राहिली की बॅटरी उतरती. यात मिस्त्री काय करणार? वायरमन गाठ."

उद्यमनगर

ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीवर वाढलेलं हे गाव. उद्यमनगरात लेथवर काहीही करून मिळतं, पण वायरिंगचा जाणता माणूस शोधावा लागतो. मिळाले ते साठीच्या पुढचे, एका शटरचं दुकान, दारात दोन ट्रॅक्टर उघडून ठेवलेले. दाजींनी नोझलपासून सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला आणि उलट विचारलं, "एकोणीसच्या पुरात गाडी कुठं हुती?"

"आमच्याकडं एकवीसला आली," दाजी म्हणाले.

"आणि आधी?"

दाजी गप्प.

त्यांनी बोनेट उघडलं नाही. बाजूचं दार सरकवलं, मधल्या सीटचा खिडकीकडचा पट्टा धरला आणि ओढायला लागले. आपल्याकडं मागच्या सीटवर पट्टा कोण लावतो? तीन वर्षांत सात माणसांपैकी एकानंही तो पट्टा बाहेर काढलेला नव्हता. पहिला हातभर काळाभोर, नव्यासारखा आला. मग आवाज बदलला, किरकिर व्हायला लागली. शेवटचा वीतभर पट्टा ओढून काढावा लागला. तो मातकट होता, चहाचा डाग वाळल्यावर होतो तसा, आणि हाताला वाळलेल्या फडक्यासारखा कडक. काळा कुठं संपतो आणि मातकट कुठं सुरू होतो ती रेघ सरळ दिसत होती. त्यांनी नखानं त्यावर खरवडलं. पिठासारखी बारीक माती पडली.

"पंचगंगा," ते म्हणाले.

सीट कव्हर धुता येतं, बदलता येतं. मॅटिंग नवं टाकता येतं. पण पट्ट्याचं रीळ कोणी उघडत नाही, आणि पाणी तिथंवर आलं असेल तर गाळ रिळात राहतो. मग त्यांनी सीटचे बोल्ट काढले. सीटखालच्या स्प्रिंगा लालभडक गंजलेल्या. नवं मॅटिंग उचललं तर खालचा जुना फेल्ट दमट, जानेवारीतसुद्धा. ड्रायव्हरच्या पायाजवळची पट्टी काढली आणि आतला मोठा कनेक्टर सोडवून दाजींच्या हातात दिला. त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी कळकते तसा रंग. त्यांनी एक वायर सोलली. वरून ठणठणीत लाल, आत तांबं काळं पडलेलं, चार बोटं सोललं तरी काळंच. पाणी वायरच्या आतून दोऱ्यासारखं वर चढतं, असं ते म्हणाले.

मग मीटर. आधी अर्थिंग: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला, आणि दाजींना सेल्फ मारायला सांगितला. आकडा १.४ व्होल्ट. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा जास्त मानतात. म्हणजे सेल्फला मिळायची ताकद वाटेतच मरत होती, आणि आपण बॅटऱ्या बदलत होतो. दुसरी तपासणी गाडी बंद करून, चावी काढून. बंद गाडी बॅटरीतून किती करंट खाते ते बघायचं. घड्याळ, अलार्म वगैरे धरून ५० मिलिअँपिअरच्या आत असलं की ठीक. इथं ३८०. बॅटरी ६५ अँपिअर-तासांची, म्हणजे हिशेबानं सात दिवसांत ठणठणाट. डिझेल गाडीच्या सेल्फला लागणारा जोर त्याच्या कितीतरी आधी, तीन-चार दिवसांतच संपणार. २०२१ च्या पुरात उंचावर नेऊन ठेवलेली गाडी पाचव्या दिवशी का लागली नाही, ते तिथं उभ्या उभ्या कळलं. एकेक फ्यूज काढत गेले तसा आत्ताच बघितलेल्या त्या हिरव्या कनेक्टरच्या लाइनवर आकडा धपकन खाली आला. घोडं पेंड खात होतं ते तिथं. पिनांच्या मधे अडकलेला बारीक गाळ ओल धरतो आणि ओला झाला की त्यातून करंट पाझरतो. वाळला की गाडी शहाण्यासारखी वागते. म्हणून उन्हाळ्यात कधी तक्रार नाही.

संध्याकाळी घरी येऊन विकत घेतानाची फाइल पहिल्यांदा शेवटपर्यंत उलटली. पहिल्या मालकाचा पत्ता नागाळा पार्कातल्या सखल भागातला. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा तिथं काय होतं ते कोल्हापुरात कोणाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या मालकाच्या नावावर गाडी झाली नोव्हेंबर २०१९ मध्ये. आणि फाइलीत एकामागं एक लावलेले विम्याचे दोन जुने कागद. सप्टेंबर २०१८ च्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस ४५ टक्के, म्हणजे चार वर्षं एकही क्लेम नाही. सप्टेंबर २०१९ च्या पॉलिसीवर, त्याच मालकाच्या नावावर, मुदतीत भरलेली, बोनस शून्य. मधल्या वर्षात क्लेम झाल्याशिवाय तो शून्य होत नाही. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला तर मालक क्रमांक, विमा, नोंदणीची मुदत सगळं दिसतं. गाडी पाण्यात होती हे दिसत नाही. ते दिसायला या दोन कागदांमधला फरक वाचावा लागतो, आणि मी रोज आठ तास कागदच वाचतो. २०२१ मध्ये हीच फाइल ताईनं मला दिली होती. मी आरसीचा नंबर आणि चासी नंबर जुळवून 'ओके' म्हणून परत केली होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही.

हिशेब

तीन वर्षांचा दुरुस्तीचा खर्च १ लाख ४४ हजार निघाला: २०२१ चे ४२,५००, २०२२ चे ५३,२०० आणि २०२३ चे ४८,३००. डिझेल, विमा आणि नेहमीचं सर्व्हिसिंग यात धरलेलं नाही. यातला १६,४०० चा क्लचप्लेटचा सेट कुठल्याही गाडीला लागला असता. पहिली बॅटरी आणि चाकांची बेअरिंग मिळून १३,४००, ती कुठल्या खात्यात टाकायची यावर माझा आणि दाजींचा अजून वाद आहे. पाण्यातून निघालेल्या बेअरिंगचं ग्रीस टिकत नाही असं माझं म्हणणं. राहिलेले १ लाख १४ हजार २०० एकाच आजाराचे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

दाजींचा प्रत्येक वेळचा युक्तिवाद एकच असायचा: नव्या गाडीचा हप्ता महिन्याला पंधरा हजार, त्यापेक्षा वर्षाकाठी चाळीस-पन्नास हजार बरे. वरवर बरोबर वाटतं. पण माप चुकीचं आहे. २२ हजारांच्या ईसीएमची तुलना नव्या गाडीच्या हप्त्याशी करायची नसते. या २२ हजारांनी ही गाडी किती दिवस बिनघोर चालेल, हे विचारायचं असतं. तो प्रश्न कोणी मिस्त्रीला विचारला नाही. आणि मनात दुसरंही एक असतं: आत्ताच अल्टरनेटर टाकलाय, आत्ताच नोझल केलीत, आता विकली तर ते पैसे गेले. प्रत्येक नवी पावती ही गाडी ठेवायचं आणखी एक कारण होत गेली.

एजंटावर केस करायची का, हेही झालं. वकील मित्रानं सांगितलं की ग्राहक आयोगाकडं जायची मुदत दोन वर्षांची. ती दोष कळल्यापासून धरा म्हणून भांडता येईल, पण एजंटाचं नाव एकाही कागदावर नाही. व्यवहार कागदोपत्री दोन मालकांतला. दुसरा मालक बिचारा स्वतःच पंधरा महिन्यांत कंटाळून सुटलेला असावा. विषय तिथंच सोडला.

वायरमननं दोन रस्ते सांगितले. सबंध वायरिंग हार्नेस बदलायचा तर सत्तर हजारांच्या आसपास, आणि या मॉडेलचा नवा हार्नेस लगेच मिळेल याची खात्री नाही. नाहीतर फेल्ट काढून टाकून बॉडी वाळवायची, खालच्या पातळीतले सगळे मोठे कनेक्टर कापून नवे घालायचे, काळ्या वायरी जिथं चांगलं तांबं लागेल तिथपर्यंत मागं तोडायच्या, अर्थिंगच्या पट्ट्या नव्या टाकायच्या. २८,५०० रुपये आणि नऊ दिवस. माझं मत होतं की दोन्ही नको, मोडीत काढा. ताई म्हणाली, "आजवर काय झालंय ते माहीत नसताना दीड लाख घातले. आता माहीत झाल्यावर तीस हजारांना मागं सरायचं व्हय?" हिशेब खात्याच्या दृष्टीनं हे तर्कट आहे. गेलेले पैसे मोजायचे नसतात. पण तिचं दुसरं म्हणणं मला खोडता आलं नाही: दुसरी जुनी गाडी घेतली तर तिचं काय झालंय ते पुन्हा माहीत नसणारच.

काम करून घेतलं. वायरमननं निघताना बॅटरीजवळ एक कटऑफ स्विच बसवून दिला, ट्रॅक्टरला लावतात तो, ४५० रुपयांचा. गाडी लावली की स्विच बंद करायचा, म्हणजे काही पाझरत असलं तरी बॅटरी शाबूत. एवढ्या तीन वर्षांतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. वॉशिंग अजून अमावस्येलाच होतं, पण बादली आणि फडक्यानं.

२०२४ च्या कॅलेंडरवर 'गाडी बंद' दोनदा आहे. एकदा टायर. दुसऱ्यांदा भाचीनं चावी फिरवली, काहीच वाजेना, तिनं घाबरून मिस्त्रीला फोन केला, तो मोटरसायकलवरून आला आणि त्यानं कटऑफ स्विच चालू करून दिला. शंभर रुपये घेतले.

दिवाळीनंतर गाडी विकायला काढली. आत्याबाईंच्या गुडघ्यांना तिची पायरी चढवेना म्हणून. बाजारात तशा गाडीला पावणेदोन लाख म्हणत होते. ताईची अट एकच: येईल त्याला आधी मधल्या सीटचा पट्टा ओढून दाखवायचा. दाजी कुरकुरले, "आपल्याला कोणी दाखवला होता का?" तरी दाखवायचे. पहिले दोन गिऱ्हाईक पट्टा बघून चहा न घेताच गेले. त्यातल्या एकानं जिन्यात दुसऱ्याला म्हटलेलं ऐकू आलं, "येडी माणसं हायत."

तिसरा शिरोळ तालुक्यातला शेतकरी होता, बायको आणि म्हातारे वडील बरोबर. भाचीनं पट्टा ओढला, रेघ आली. त्यानं त्या रेघेवर अंगठा फिरवला, वडिलांना दाखवली, आणि विचारलं, "किती फूट हुतं?"

"तवा आमच्याकडं न्हवती गाडी," दाजी म्हणाले.

"आमच्या सोप्यात छातीएवढं," म्हातारे म्हणाले. "ट्रॅक्टर आठ दिवस खाली हुता. अजून चालतोय."

मग थोडा वेळ पुरावरच बोलणं झालं, कोणाची म्हैस कुठं बांधली होती वगैरे. सौदा १ लाख २० हजारांना झाला. त्या माणसानं शेवटपर्यंत बोनेट उघडायला सांगितलं नाही. स्विच कुठं आहे ते बघून घेतलं आणि वायरमनचा नंबर मागितला.